वरच्या मजल्यावरची न्हाणी: टाइल्स लावण्याआधी खाली काय करावं?

पांढरंसोनं (दर्यापूरकडचे)
5 बाय 7 फुटांची न्हाणी वरच्या मजल्यावर काढतो आहे. स्लॅब 9 इंच खाली घेतला आहे आणि बरोबर त्याच्या खाली देवघर येतं. मिस्त्री म्हणतात, टाइल्सच्या मालात वॉटरप्रूफ पावडर टाकू, सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरू, झालं. एवढ्यानं भागेल का?

ओळंबा
नाही भागत, भाऊ. पांढरं सिमेंट आकसतं, सांध्यांतून पाणी उतरतं आणि 9 इंचांच्या खड्ड्यातल्या भरावात साचून राहतं. ते अडवायचं काम टाइल्सखालच्या थराचं आहे, आणि तो थर दोनदा लागतो: एकदा स्लॅबवर, एकदा कोब्यावर (भरावावरचा सिमेंटचा थर).

पहिले स्लॅब तारेच्या ब्रशनं घासून धुवा. पाइपाच्या भोकाभोवतीचा सुटा माल काढून न आकसणारं ग्राउट (फटी भरायचा माल) ठासून भरा. सर्वांत जास्त गळती इथूनच होते. भिंत आणि स्लॅब भेटतात तिथं 1:3 मालाची (1 सिमेंट, 3 रेती) दोन इंची गोलाई (वाटा) करा. सरळ काटकोनात कोटिंग तडकतं. मग पावडर आणि द्रव असं दोन भागांचं ॲक्रिलिक-सिमेंट कोटिंग, दोन हात. पहिला हात आडवा, सुकल्यावर दुसरा उभा. खड्ड्याच्या चारही भिंतींना काठापर्यंत लावा.

हिशेब: 1 मिमी जाडीला चौरस मीटरमागे दीड ते दोन किलो लागतं. खड्डा सुमारे 5 चौ. मी., वरचा थर सुमारे 8 चौ. मी. (चारही बाजूंना 1 फूट, शॉवरच्या कोपऱ्यात 6 फूट उंच). म्हणजे 20 ते 26 किलो. मिस्त्री 10 किलोत उरकतो म्हणाले तर थर पातळ होणार.

खड्ड्याच्या तळाला बाहेरच्या भिंतीतून एक इंची पाइपाचा तोटा (बाहेर निघणारी तोटी) ठेवा, तळाचा उतारही तिकडेच. चुकून पाणी उतरलंच तर ते देवघरात न जाता बाहेर दिसेल.

पांढरंसोनं
भरावाला जुन्या भिंतीचा रोडा चालेल का? आणि बोअरचं पाणी खारं आहे.

थापी
जुना रोडा नको. त्यात चुना, माती, लोणा लागलेले तुकडे असतात. पक्क्या विटांचे तुकडे रात्रभर भिजवून 1:4 मालात बसवा. आणि खाऱ्या पाण्यात माल अजिबात कालवू नका. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यातला क्षार स्लॅबच्या सळया गंजवतो आणि भिंतीला पांढरी फुलं आणतो. नळाचं गोडं पाणी टाकीत साठवूनच काम काढा, तराईलाही (काम ओलं ठेवायला) तेच वापरा.

कोब्याला ट्रॅपकडे (पाणी निघून जायचं जाळीचं भोक) फुटाला 5 मिमी उतार द्या, 7 फुटांत साडेतीन सेंमी होतो. उतार कोब्यातच काढा. टाइल्सच्या मालात काढला तर खाली पाणी सपाट थरावर थांबतं. वरचं कोटिंग नहाणी ट्रॅपच्या ओठावरून आत वळवा. दुसरा हात ओला असताना जाड, धुतलेली रेती भुरभुरा म्हणजे टाइल्सचं चिकट नीट धरतं. सांधे 3 मिमी ठेवून इपॉक्सी ग्राउट भरा. भिंत-फरशीच्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉन, तिथं हालचाल होते.

ओळंबा
उन्हाळ्यात काम असेल तर कोटिंग सायंकाळी लावा, पृष्ठभाग आधी ओलसर करून. भर दुपारच्या उन्हात ते घट्ट होण्याआधीच सुकतं आणि पापुद्रे सुटतात.

दोन्ही थरांनंतर, प्रत्येक वेळी, ट्रॅप आणि तोटा बंद करून 48 तास पाणी भरून ठेवा, भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. बाजूला त्याच उंचीइतकं पाणी भरलेलं एक घमेलं ठेवा. वैशाखात पाणी हवेनंच उडतं. घमेल्यात जितकं घटलं तितकंच न्हाणीत घटलं तर गळती नाही. जास्त घटलं तर टाइल्स लावू नका, खालून देवघराचं छत पाहून ओल कुठं आहे ते शोधा.