गच्चीवरच्या मक्याला दाणे विरळ का? 'दुष्काळ सोसणारं' बियाणं लावू का?

मुलुंडची_गच्ची
सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून पिशव्यांमध्ये मधुमका लावला होता. मार्चमध्ये बी टोकलं, एका ओळीत सात-आठ झाडं. उंची झकास, मेच्या मध्यावर तुरेही आले. पण कणसं सोलली तर दाणे इथे दोन, तिथे चार, टोक तर कोरंच. सासूबाई म्हणाल्या, "हे कणीस आहे की आमच्या नानांचं बोळकं?" तेव्हा पाणीकपात चालू होती, दुपारी पानांची पुंगळी व्हायची, संध्याकाळी पुन्हा उलगडायची. खत वेळेवर दिलंय. आता एक जण सांगतो, दुष्काळ सोसणाऱ्या जातीचं बी मागव. त्यात नेमकं वेगळं काय असतं? त्याला पाणीच कमी लागतं का?

परळकर७७
बोरॉन कमी पडलंय. फवारा मारा, विषय संपला.

निवृत्त_मकावाला
थांबा हो, फवारा कुठे पळून जात नाही. माझी नोकरी मक्याच्या चाचणी-प्लॉटांवर गेली. तुऱ्यांना कागदी पिशव्या चढवायच्या आणि सकाळी त्यातला पराग कणसाच्या केसांवर झटकायचा. आता गोरेगावला मुलाकडे असतो, त्यामुळे वेळच वेळ आहे.

मक्यात नर फुलं शेंड्याला, मादी खाली कणसात. कणसातून लोंबणारा एकेक केस एकेका दाण्याचा. त्याला पराग मिळाला नाही की तो दाणा गेला. बुडाकडच्या दाण्यांचे केस आधी बाहेर पडतात, टोकाचे सगळ्यात शेवटी, म्हणून मार बसतो तो टोकाला. पाणी नीट असेल तर पराग सांडायला लागल्यावर दोन-तीन दिवसांत केस दिसतात. फुलोऱ्यात ताण पडला की तुरा आपल्या वेळेला येतो, केस मात्र अडतात, कारण केस लांबतो तो पेशींत पाणी भरून. ते बाहेर येईपर्यंत पराग सांडून गेलेला असतो. आम्ही वहीत दर प्लॉटच्या दोन तारखा लिहायचो: निम्म्या झाडांचा पराग सुटला ती, आणि निम्म्या झाडांना केस आले ती. दोन्हींतलं अंतर बघितलं की त्या वाणाला ताण कितपत झेपतो ते समजायचं. तोडणीची वाट बघायची गरज नसायची.

आता तुमचा मूळ प्रश्न. मेक्सिकोतल्या सिमिट या संस्थेनं 1970च्या दशकात टक्सपेन्यो नावाच्या उष्ण, सखल भागातल्या मक्यावर निवड सुरू केली. पाऊस नसलेल्या हंगामात पेरायचं, फुलोऱ्याच्या सुमारास पाणी मुद्दाम तोडायचं, आणि तरीही ज्या कुळांचे केस वेळेवर येतात, दाणे भरतात, तीच पुढे न्यायची. अशा आठ फेऱ्या झाल्यावर ताणातलं उत्पन्न वाढलं. गंमत अशी की या मक्यानं जमिनीतून जास्त पाणी ओढलं नव्हतं. तुरा लहान झाला आणि कणसाच्या वाट्याला जास्त पोषण आलं, एवढंच.

पोषणाचा मुद्दा हवेतला नाही. 1991 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फुलोऱ्यात पाणी तोडलेल्या झाडांच्या खोडात साखर असलेला पोषक द्राव सोडला, तर गळून जाणारे बरेच दाणे वाचले. म्हणजे पाण्याच्या ताणात कोवळा दाणा उपाशीही मरतो.

तेव्हा असं बी आणलंत तरी पाणी तेवढंच लागेल. संकटात कणीस पूर्ण वाया जाणार नाही, इतकाच फरक. तुमच्याकडे सात-आठ झाडं एका ओळीत, वर समुद्राकडून वारा! पराग शेजारच्या गच्चीवर गेला असणार. पुढच्या वेळी पिशव्या चौकोनात मांडा आणि पाणी राखून ठेवायचंच तर तुरा दिसायच्या आधीपासून केस सुकेपर्यंतच्या काळासाठी ठेवा.

जीन_आणि_जिरं
काका, यात जनुकबदल केलेला मकाही येतो ना? बॅसिलस सटिलिस या जिवाणूचं, थंडीत उपयोगी पडणारं एक प्रथिन मक्यात घातलं. अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळाली.

निवृत्त_मकावाला
येतो, पण भारतात जनुकबदल मक्याच्या लागवडीला परवानगी नाही, तेव्हा गच्चीसाठी ती चर्चा सोडा.

कांदिवलीची_वर्षा
माझं उलटं झालं. जूनमध्ये टोकला, रोपं वीतभर झाली आणि धो धो पाऊस. कुंडीची भोकं तुंबली, रोपं पिवळी पडून मेली.

निवृत्त_मकावाला
पाच-सहा पानं होईपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब मातीखालीच असतो, वर्षाताई. वर पाणी साचलं की त्याला प्राणवायू मिळत नाही, दोन-चार दिवसांत खेळ खलास. निकाराग्वाच्या किनाऱ्यावर मक्याचं एक रानटी भावंड पाणथळीत वाढतं, त्याच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. तो गुण मक्यात आणायचं काम चालू आहे. तुम्ही मात्र भोकं मोकळी करा आणि कुंडी विटांवर ठेवा.

मुलुंडची_गच्ची
पटलं. पण पुढच्या वेळी पराग लागला की नाही हे कणीस तयार व्हायच्या आधी कळेल का?

निवृत्त_मकावाला
कळेल. केस आल्यावर साताठ दिवसांनी एक कणीस देवाला सोडलं असं समजून तोडा. बुडापासून टोकापर्यंत पाल्याला ब्लेडनं उभी चीर द्या, केसांना धक्का न लावता पाला हळूच उलगडा आणि कणीस उलटं धरून झटका. ज्या दाण्याला पराग लागला त्याचा केस सुटून खाली पडतो. चिकटून राहिले तेवढे दाणे रिकामे. सगळे केस पडूनही नंतर दाणे सुकले, तर दोष परागाचा नाही, पाण्याचा किंवा पोषणाचा. आणि हो, संकरित वाणाच्या कणसातलं बी पुढच्या पेरणीला ठेवू नका, झाडं एकसारखी येत नाहीत.