बीपी १९०/११०, पण त्रास काहीच नाही. रात्रीच कॅज्युअल्टीला न्यायचं का?

नीलिमा_वाई:
बाबा ६४ वर्षांचे आहेत. अ‍ॅम्लोडिपिन ५ ही बीपीची गोळी रोज एक, पण या आठवड्यात तीन-चार दिवस आणि आजही चुकली. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक चालू आहे. आत्ता घरच्या मशीनवर १९०/११०, पंधरा मिनिटांनी १८६/१०८. छातीत दुखत नाही, दम नाही, बोलणं-चालणं नेहमीसारखं. शेजारचे काका म्हणतात, निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्या. द्यावी का? की थेट दवाखान्यात न्यावं? आणि यापुढे दरवर्षी कोणत्या तपासण्या करायच्या?

अपघात_विभाग:
ताई, कॅप्सूल देऊ नका. पूर्वी ही पद्धत सर्रास होती, ती मोडीत निघाली त्याला कारण आहे. बरेच दिवस बीपी जास्त असलं की मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या दाबाला सरावतात. जिभेखालच्या निफेडिपिनने दाब थोड्याच मिनिटांत कोसळतो, किती ते कोणाच्याच हातात नसतं, आणि मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणजे लकवा टाळायला दिलेल्या औषधानेच लकवा होऊ शकतो. खरी इमर्जन्सी असली तरी बहुतेक वेळा आयसीयूत पहिल्या तासात सरासरी दाब साधारण २५ टक्क्यांहून जास्त उतरवत नाहीत, तेही शिरेतून औषध देऊन आणि सतत मोजत.

कॅज्युअल्टीत आम्ही आकड्याआधी अवयव बघतो. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, अचानक नजर जाणं, भान हरपणं, उलट्यांसह भयंकर डोकेदुखी, छातीत दुखणं, आडवं झाल्यावर दम लागणं: यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा, मशीन पुन्हा लावत बसू नका. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून शेवटचं ठीक कधी होते ती वेळ लिहून ठेवा. सीटी स्कॅनआधी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्तस्राव असेल तर ते घातक ठरेल. छातीतली कळ फाटल्यासारखी पाठीत जात असेल तरीही नको, महाधमनी फाटलेली असू शकते.

तुम्ही लिहिलंय त्यात असं काही नाही. आज चुकलेली गोळी आत्ता द्या, एकच. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन नकोत. अ‍ॅम्लोडिपिन सावकाश काम करतं, तासाभरात आकडा उतरला नाही तर घाबरू नका. डायक्लोफेनॅक बंद: त्याने शरीरात मीठ-पाणी साठतं आणि बीपी चढतं. गुडघ्याला पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी चालेल, यकृताचा आजार नसेल तर. उद्याच नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

सिस्टर_कोल्हापूर:
मोजण्याबद्दल सांगते, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नको. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, न बोलता पाच मिनिटं बसवा. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. हात मांडीवर राहिला तरी आकडा वाढतो. मिनिटभराने दुसरं माप घ्या. असं सकाळी गोळीआधी आणि रात्री, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मापात ती १३५/८५ किंवा वर असली तर बीपी जास्त समजायचं.

ग्रामीण_एमओ:
तपासण्या: क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं), पोटॅशियम, लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल, आणि एक ईसीजी. त्यातली लघवीची तपासणी मोठ्या पॅकेजमध्येही बऱ्याचदा नसते, मागून करून घ्या. किडनीला इजा होऊ लागली की बऱ्याचदा तिथेच आधी कळतं. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी वाढवली तर दोनेक आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा. उपकेंद्रात तिशीपुढच्यांची बीपी, साखर आणि तोंडाची तपासणी फुकट होते; तंबाखू किंवा मिश्री असेल तर तोंड दाखवाच.

मीठ दिवसाला सगळं मिळून एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, खारी बिस्किटं त्यातच मोजा. अ‍ॅसिडिटीसाठी घेतात त्या फसफसणाऱ्या पावडरीत सोडियम भरपूर असतं. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असतील तर तेही थांबवा, त्याने पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. मोठ्याने घोरतात का, झोपेत मध्येच श्वास थांबतो का, हे आईंना विचारा. तसं असेल तर नुसत्या गोळ्या वाढवून बीपी आटोक्यात येणं कठीण.

नीलिमा_वाई:
मनापासून आभार. गोळी दिली, बाबा झोपलेत. त्यांचा दंड ३५ सेंमी भरला आणि पट्ट्यावर २२ ते ३२ लिहिलंय. म्हणजे आकडा खोटाच होता का?

सिस्टर_कोल्हापूर:
पूर्ण खोटा नाही. एवढ्या फरकाने वरचा आकडा साधारण पाचेक अंकांनी जास्त दिसतो, १९० चे १३० होत नाहीत. त्याच कंपनीचा ३२ ते ४२ चा पट्टा सुटा मिळतो का बघा. उद्या मशीन दवाखान्यात सोबत न्या आणि डॉक्टरांच्या यंत्राशी एकाच दंडावर, पाठोपाठ ताडून बघा. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजायला सांगा. ज्या हाताचा आकडा जास्त, यापुढे तोच हात वापरायचा.

अपघात_विभाग:
आणि डायक्लोफेनॅकची स्ट्रिप डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा. दुकानातून परस्पर आणलेली असेल तर त्यांच्या कागदावर ती नसेल, आणि मग बीपीची दुसरी गोळी विनाकारण सुरू होईल.