अनुभव धागा : औषधाआधीची मळमळ

नौपाडा, ठाणे
गेल्या रविवारी शेजारच्या काकूंनी कोकम सरबताचा पेला पुढे केला आणि तो लाल रंग पाहताच माझ्या पोटात इतके ढवळले, की मला उठून मोरीकडे जावे लागले. २०१७ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मला दर २१ दिवसांनी डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचे औषध दिले जात होते आणि त्या औषधाचा रंग असाच लाल असतो. तिसऱ्या खेपेपासून सुई टोचण्याआधीच, जिन्यातल्या फिनेलच्या वासानेच मला उलटी होई. "मनावर घेऊ नकोस," असे घरचे मायेने सांगत आणि मी स्वतःला दुबळी समजत राहिले. वास, रंग आणि मळमळ यांची गाठ मेंदू आपल्या नकळत बांधून ठेवतो, हे मला फार उशिरा समजले. आपणही अनुभव लिहावेत.

नेरुळ
आमच्याकडे नेमके उलटे घडले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी यजमानांना ऑक्सॅलिप्लॅटिन सुरू होते. फ्रीजमधून दुधाची पिशवी काढताना त्यांच्या बोटांना झिणझिण्या येत आणि गार पाणी घशाला टोचे. मी त्याला मनाची भीती म्हणाले, याचे आजही वाईट वाटते, कारण ते औषध चेतातंतूंवरच परिणाम करते आणि गारव्याने तो त्रास उफाळतो. मग ऐन मे महिन्यात मी त्यांना लोकरी हातमोजे आणून दिले.

ऐरोली
कुकर लावून लिहीत आहे. केमोच्या काळात माझे शब्दच हरवत असत. समोर असलेल्या पोळपाटाचे नाव आठवेना, तेव्हा मी रडले होते. नेरुळच्या ताई, वाईट वाटून घेऊ नका.

खारघर
आईचे उपचार इथे टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये झाले. रिक्षा उत्सव चौकात आली, की ती उलटीसाठी पिशवी हातात घेई. औषध शरीरात जाण्याआधीच्या या मळमळीवर उलटीची नेहमीची गोळी फारशी लागू पडत नसे. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगितल्यावर त्यांनी आदल्या रात्रीसाठी चिंता शमवणारी गोळी लिहून दिली आणि समुपदेशकांनी एकेक स्नायू सैल सोडायला शिकवले. उलटी थांबली नाही, पण चौकाऐवजी फाटकापाशी होऊ लागली आणि आम्हाला तेवढ्यानेही हायसे वाटले.

नौपाडा, ठाणे
आईंना आता त्या चौकातून जाता येते का?

खारघर
येते, ताई. मात्र रिक्षाने नाही. बसने, खिडकीशी बसून, तोंडात आलेपाकाची वडी धरून.