बाबांच्या वर्षश्राद्धाला वाचायला काय लिहू?

इतवारीची_पोरगी:
पौषात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. जेवणाआधी त्यांच्याबद्दल कुणीतरी दहा मिनिटं बोलावं असं आई म्हणते, आणि ते माझ्याकडे आलं आहे. लिहायला बसलं की 'मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल' एवढंच उतरतं. पेपरातल्या प्रत्येक श्रद्धांजलीत हेच असतं. त्यात माझे बाबा दिसत नाहीत.

बाबा नागपुरात रेल्वेच्या मोतीबागच्या नॅरोगेज, म्हणजे छोट्या लाईनच्या, वर्कशॉपमध्ये फिटर होते. ड्युटीवरून आले की चहा, आणि मार्च लागला की मोहल्ल्यातले कूलर. जाळ्यांमधला घास (गवत) बदलायचा, टाकीला आतून डांबर मारायचं, पंप खोलून साफ करायचा. नवतप्यात, मे अखेरच्या त्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, तर रात्री अकरालाही कुणी दारात उभं असायचं, "काका, मोटर फिरून नाही राहिली." बाबा ताटावरून उठत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडून पैसे घेत नसत, सामानही स्वतःच्या खिशातून. आई चिडायची, तर म्हणायचे, "गरमीत माणूस झोपला पाहिजे न बाप्पा."

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हाच माणूस आमच्याहून लहान. मला खांद्यावर घेऊन नेहरू पुतळ्यापाशी, मिरवणुकीतल्या काळी आणि पिवळी मारबत या दोन मोठ्या पुतळ्यांची भेट होते तिथे. 'घेऊन जा गे मारबत' ओरडून ओरडून घसा बसलेला, तरी संध्याकाळी तान्ह्या पोळ्याला हजर. गल्लीतल्या पोरांच्या लाकडी बैलांना चाकं तेच बसवून देत, आणि एकही बैल ओढताना तिरका जायचा नाही. हे सगळं दहा मिनिटांत कसं मांडू?

छोटी_लाईन_गार्ड (निवृत्त):
ताई, कूलरचं सांगाच, पण वर्कशॉप एका ओळीत उरकू नका. अडीच फुटी गेजची गाडी लोकांना खेळणं वाटायची. गार्डाच्या डब्यात बसणाऱ्याला विचारा. समोर जनावर आलं आणि ब्रेक धरला, तर तो कुण्या फिटरनं नीट बसवला म्हणून. त्या माणसाचं नावही आम्हाला माहीत नसायचं. नागभीडची छोटी लाईन 2019 मध्ये बंद झाली, आता नातवंडांना काय कळणार? त्यांना आधी मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम दाखवून आणा. इंजिनाला हात लावला की आजोबांचं काम समजेल.

महालकर_भाऊ:
ज्यांचे कूलर त्यांनी रिपेर केले, त्या घरी जाऊन बसा. माझ्या काकांच्या वेळी आम्ही असंच केलं. घरच्यांना माहीत नसलेल्या गोष्टी शेजाऱ्यांनी सांगितल्या, आणि काकूला त्या ऐकून फार बरं वाटलं.

वाडीची_वहिनी:
बाबांना खाण्याची आवड होती का? असेल तर त्या दिवशी रोडग्यांचीच पार्टी ठेवा.

महालकर_भाऊ:
वहिनी, वर्षश्राद्धाला नको. त्या दिवशीचा स्वयंपाक ठरलेला असतो, घरची मोठी माणसं दुखावतील. पार्टी वेगळी करा.

इतवारीची_पोरगी:
वहिनी, तुम्ही बरोबर ओळखलं! थंडीत एक रविवार ठरलेला असायचा, मामाच्या शेतात. पीठ जाडसर दळून आणायचं, गोवऱ्या बाबा स्वतः रचत आणि विस्तवाजवळ कुणाला येऊ देत नसत. भाजलेले रोडगे धोतराच्या फडक्यात घालून राख झटकायला मात्र आम्ही सगळी भावंडं. मग फोडून तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी. पहिलं ताट आईला. वर्षभर ती सगळ्यांना वाढते, आज तिनं बसून खायचं, हा त्यांचा नियम. मग जावयांना आग्रह करकरून इतकं वाढत की ते बिचारे तिथेच आंब्याखाली झोपत.

भाऊंचं पटलं. श्राद्ध रीतीप्रमाणे, आणि त्यानंतरच्या रविवारी शेतात रोडगे. बोलणार मी तिथेच, आईचं ताट वाढून झालं की. म्युझियमला शनिवारी पोरांना नेते. गार्डकाका, तुमच्याकडे छोट्या लाईनचे जुने फोटो असतील तर इथे टाकाल का? इतवारी स्टेशनातले असले तर फारच छान.