मदत हवी आहे: भंडारदरा, रतनवाडी ते साम्रद काठाकाठाने

विल्सन धरणाच्या भिंतीकडची गर्दी टाळून जलाशयाच्या मागच्या अंगाला, रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून साम्रदपर्यंत चालायचा बेत आहे. डांबरी रस्ता माहीत आहे, प्रश्न काठाचा आहे. पावसाळ्यानंतर भातखाचरं उभी असतात. कापणीआधी बांध तुडवणं बरं नाही. उन्हाळी आवर्तनं (शेतीसाठी धरणातून सोडलेलं पाणी) सुटली की काठ उघडा पडतो, पण वरून सुकलेल्या गाळाची खपली फुटून पाय रुततो, ओढ्यांच्या तोंडाशी तर हमखास. म्हणून डिसेंबर-जानेवारी धरलाय.

तेव्हा ओढे कोरड्या पायांनी ओलांडता येतात का? गुरांची वाट सलग आहे, की मधे रस्त्यावर चढावं लागतं? साम्रदहून दुपारनंतर धरणाजवळच्या शेंडी गावाला परतायला जीप मिळते का? अभयारण्याची पावती कुठल्या नाक्यावर फाडतात, तेही सांगा.