परागंदा व्हायला लंडनच लागतं असं नाही

काही जणांची तक्रार आहे की मायभूमी, ओळख, परागंदा असल्या थीमच्या चित्रप्रदर्शनात गोव्याचा म्हणून चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा सोडून कोणी दिसत नाही. अहो, चित्रकार आंजेलो द फोन्सेका आहे की! आपल्या गोव्यातल्याच जुवे बेटावरचा माणूस, शांतिनिकेतनात चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकला आणि येशूची आई मरियम काढली ती सावळी, चक्क साडी नेसलेली, आता पोर्तुगिजांच्या गोव्यात हे कुणाला झेपणार, बोंबाबोंब झाली आणि हा गेला पुण्याला, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून तसलीच चित्रं काढत राहिला नि १९६७ला पुण्यातच वारला. सूझा १९४९ला लंडनला गेला तो आपणहून (बंडखोरीचं कौतुक त्यालाच जास्त, असो). मला विचाराल तर असल्या प्रदर्शनात पहिली भिंत फोन्सेकाला द्यावी. त्याचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेने सांभाळलाय.