बारावीतला भाचा ड्रोन मागतोय, घेऊन द्यावा का?

येळ्ळूरची मावशी:
नमस्कार. बहिणीचा मुलगा शिकायला आमच्याकडं आहे, यंदा बारावी सायन्स. दिवाळीला कपडे नकोत, ड्रोन द्या म्हणतोय. नाही म्हणवत नाही. पोराला कळतं त्यातलं, मिक्सर बंद पडला तर स्वतःच उघडून बसतो. पण राजहंसगडावर उडवणार, शिवजयंतीच्या चित्ररथांचं शूटिंग करणार असे बेत ऐकले की पोटात गोळा येतो. तिकडं बेळगावचं सांबऱ्याचं विमानतळ, इकडं लष्कराचं मराठा सेंटर. कायदा काय आहे? पहिला ड्रोन कसला घ्यावा?

फवारणीवाला, खानापूर:
ताई, मी ऊस-भातावर ड्रोननं औषध मारतो, रीतसर सर्टिफिकेट काढून. घेऊन द्या, पण २५० ग्रॅमच्या आतला. त्याला नॅनो म्हणतात आणि २०२१ च्या ड्रोन नियमांत त्यासाठी पायलट सर्टिफिकेट लागत नाही. सर्टिफिकेटला वय १८ पूर्ण आणि दहावी पास लागतं, त्याला अजून वेळ आहे. उद्या लग्नाचं शूटिंग पैसे घेऊन मोठ्या ड्रोननं करायचं म्हटलं तर मात्र ते काढावंच लागेल.

जागेचं बघा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचंच नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापुढं ४०० फुटांपर्यंत, तेही नकाशावर हिरवं असेल तिथंच. डिजिटल स्काय नावाच्या सरकारी साइटवर हा नकाशा आहे. येळ्ळूरचं तुमचं रान त्यात शोधायचं काम पोरालाच द्या. लष्कराच्या कॅम्पाच्या बाजूला तर ड्रोन बॅगेतून बाहेरच काढू नये.

आता शिकायचं कसं. ड्रोनची शेपटी आपल्याकडं असते तोवर सगळं सोपं. नाक आपल्याकडं वळलं की डावं-उजवं उलटं होतं. डावीकडं न्यायला रिमोटची स्टिक डावीकडं दाबली तर ड्रोन आपल्या उजव्या हाताला पळतो. घाबरून पोरं आणखी जोरात दाबतात आणि तिथंच झाडात घालतात. म्हणून मोकळ्या रानात, डोक्याएवढ्या उंचीवर, नाक स्वतःकडं करून एका जागी स्थिर धरायला शिकू दे. ते जमल्याशिवाय वर नेऊ देऊ नका. पात्यानं बोट फाटलेला पोरगा मी बघितलाय. हातावर झेलायची हौस नको.

गडावर वारं दांडगं असतं, माणसंही असतात. चित्ररथांचं तर मनातूनच काढा. खाली हजारो डोकी, वर विजेच्या तारा, डीजेच्या गाड्या, झेंड्यांच्या काठ्या. बॅटरी उतरली तर उतरवायला हातभर जागा मिळणार नाही. कुणाच्या तरी लेकराच्या डोक्यावर पडेल. मला कुणी कितीही पैसे देऊ दे, मी गर्दीवर उडवत नाही.

पॉलिटेक्निकवाली, निपाणी:
काकांचं पटलं. ड्रोन यायच्या आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर, म्हणजे ड्रोन उडवायच्या सरावाचं सॉफ्टवेअर घ्या, नाक वळल्यावरचा गोंधळ तिथंच निस्तरतो. आणि घारींकडं लक्ष असू दे. घिरट्या घालायला लागल्या की लगेच खाली. कुणाच्या गच्चीवर, अंगणात बायामाणसं असतील तिकडं कॅमेरा फिरवायचा नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा मावशी.

येळ्ळूरची मावशी:
खूप आभार. नकाशा काढून बसलाय, रानाचा सर्व्हे नंबर विचारतोय. चित्ररथाचं ऐकून तोंड पाडलं, पण ऐकलं. ऊस तुटला की आमचं रान मोकळं होतं, तोवर सिम्युलेटर. एवढंच सांगा, बॅटरी घरात ठेवली तर धोका नाही ना?

फवारणीवाला, खानापूर:
चार्जिंगला लावून झोपायचं नाही, समोर माणूस हवं. फुल चार्ज करून दिवसेंदिवस ठेवू नका, वापर नसेल तर अर्ध्यावर ठेवा. फुगली की वापर बंद. आणि ठेवायची ती पत्र्याच्या डब्यात, कडब्याच्या गंजीपासून लांब. ऊस तुटला की कळवा, खानापूरहून येऊन पहिल्या दिवशी त्याच्याजवळ उभा राहतो.